कम्प्लेन्स, डिनाइज, रिफ्यूज्ड : परिचारिकांच्या इंग्रजीची चिकित्सा



पुस्तकाचं परीक्षण म्हटलं की कादंबरी, कवितासंग्रह, फार तर आत्मचरित्र डोळ्यांपुढे येतं. आज मी ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे त्यांचं परीक्षण कोणी करत नाही. नर्सिंगच्या मुलामुलींसाठी निघणारे ते लहान लहान इंग्रजी शब्दसंग्रह. काही छापील असतात, काही नुसत्याच मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या. बहुतेकांचा साचा एकच, तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ. पेन, पेन, वेदना. फीव्हर, फीव्हर, ताप. झालं, पुढचा शब्द.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला यात काय दिसलं, असं तुम्ही विचाराल. मला दिसलं ते एका वाक्यात सांगते आणि मग ते पटवून द्यायचा प्रयत्न करते. या याद्या शब्दाचा अर्थ देतात, पण तो शब्द वाक्यात बसला की रुग्णाचं आणि खुद्द सिस्टरचं काय करतो, हे सांगत नाहीत. आणि दवाखान्यात शब्द सुटा भेटत नाही. तो केसपेपरवर वाक्यात बसूनच भेटतो.

आधी या याद्यांच्या बाजूने बोलू. ‘मराठीतच लिहा की, इंग्रजी कशाला’ हा माझा मुद्दा नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी नर्सिंगला येते. समोर शरीररचनेचं, औषधशास्त्राचं पुस्तक येतं, ते इंग्रजीत. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ हा विषय आहे, पण एका सत्रात भाषा येत नसते. तेव्हा ती यादी पाठ करते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांत एका अक्षराचा फरक. एकाचा अर्थ साखर उतरली, दुसऱ्याचा साखर चढली. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट. इथे शब्द चुकला तर माणूस जातो.

दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ हे इंग्रजी अक्षर लिहायची पद्धत होती. घाईत लिहिलेलं ते अक्षर शून्यासारखं दिसतं, आणि दहा युनिटचे शंभर होतात. म्हणून अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ‘ही लघुरूपं वापरू नका’ अशी यादीच काढली. त्यात हा ‘यू’ होता. तेव्हा शब्दांच्या बाबतीत काटेकोर असणं ही नर्सिंगमध्ये पंडिती हौस नाही. माझं म्हणणं इतकंच की हा काटेकोरपणा औषधाच्या नावाशी थांबतो, माणसापर्यंत येत नाही.

आता पहिला आक्षेप. या याद्यांची दिशा उलटी आहे. त्या इंग्रजीकडून मराठीकडे जातात. वॉर्डात सिस्टरचं काम चालतं मराठीकडून इंग्रजीकडे. रुग्ण मराठीत सांगतो, ती कागदावर इंग्रजीत उतरवते. ‘मला वेदना होत आहेत’ असं म्हणणारा रुग्ण तुम्ही पाहिलाय? आपल्याकडे पोटात कळ येते, मुरडा पडतो. दाढ ठणकते. गळू ठसठसतं. पाठीत उसण भरते. डोळ्यांत खुपतं, जखम चुरचुरते, भाजलेली कातडी हुळहुळते. पायाला मुंग्या येतात, छातीत चमक येते, तळव्यांची आग होते. आणि यादीत या सगळ्यांसाठी एक ओळ : पेन म्हणजे वेदना.

गंमत अशी की इंग्रजीत हे शब्द नाहीत असं नाही. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे अठ्ठ्याहत्तर शब्द वीस गटांत लावले आहेत. ठणकतं, टोचतं, जळतं, मुरडतं, सगळं त्यात सापडेल. त्यामागचा विचार सरळ होता : दुखणं किती आहे एवढंच विचारून भागत नाही, ते कसं आहे हेही विचारावं लागतं, कारण त्या ‘कसं’मध्ये रोगाची खूण असते. थांबून थांबून येणारी कळ आणि एकसारखं दुखणं, यांवरून डॉक्टर वेगवेगळ्या दिशेने विचार करतात. आपल्या आज्या हा भेद बोलताना सहज करतात. नर्सिंगची विद्यार्थिनीही घरी करते. यादी पाठ केल्यावर मात्र ती तो विसरायला शिकते. कागदावर ‘पेन ॲब्डोमेन’ एवढंच उतरतं. शब्दसंग्रह वाढला, निरीक्षण घटलं.

काही शब्दांना खरंच जोड नाही. ‘कसकस’, ‘कणकण’ हे आपल्याकडे तापाच्या अलीकडचे शब्द आहेत. थर्मामीटरने मोहोर उठवण्याआधीचे. त्याहून अवघड शब्द ‘जीव घाबरा होतो’. मधुमेहाची एक म्हातारी सांगते, ‘सिस्टर, मला कसंतरी होतंय, जीव घाबरतोय.’ यादीत ‘घाबरणे’ शोधलं तर ‘अँग्झायटी’ मिळतं. कागदावर ‘पेशंट अँक्शस’ असं लिहिलं जातं, आणि पुढचा वाचणारा म्हणतो, आजी घाबरट आहेत, धीर द्या. पण साखर एकदम उतरली तरी जीव घाबरा होतो, घाम सुटतो, छाती धडधडते. हृदयविकाराचा झटकाही काहींना असाच येतो. ‘जीव’ हा मनाचा शब्द आहे की शरीराचा, हे मराठीने ठरवलेलंच नाही. इंग्रजी यादी मात्र तो मनाच्या खात्यात टाकून मोकळी होते. अशा वेळी सर्वांत अचूक भाषांतर म्हणजे भाषांतर न करणं. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहायचे आणि खाली नाडी, घाम, साखर यांची नोंद करायची. चांगल्या नर्सिंगमध्ये ही पद्धत आहेच. आपल्या याद्यांत ती नाही.

आणि हे झालं मराठी रुग्णाचं. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारी बाई आली की दोन नद्या ओलांडायच्या असतात. तिथे वॉर्डातली मावशी दुभाषी होते. तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, पण पहिलं भाषांतर तिचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तीन क्रियापदं घ्या. ‘कम्प्लेन्स ऑफ’, ‘डिनाइज’, ‘रिफ्यूज्ड’. यादीत अर्थ : तक्रार करणे, नाकारणे, नकार देणे. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. पण ही क्रियापदं कुठे शोभतात? पोलिस ठाण्यात, कोर्टात. ‘पेशंट डिनाइज अल्कोहोल’ हा प्रयोग घ्या. ‘मी दारू पीत नाही’ असं रुग्ण म्हणाला, एवढीच घटना. पण ‘नाकारतो’ म्हटलं की त्याच्यावर आरोप होता आणि तो त्याने फेटाळला, असं चित्र उभं राहतं. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने शिकवलं की आपण शब्दांनी वर्णन तर करतोच, पण कृतीही करतो. ‘डिनाइज’ ही कृती आहे. ती रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, आणि लिहिणाऱ्या सिस्टरच्या मनात तसं काही नसतानाही करते.

‘तक्रार’ या शब्दाचीही गोष्ट ऐका. हा शब्द मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा करणं. म्हणजे ऐकून घेतलं नाही म्हणून माणसाला जे परत परत सांगावं लागतं, ते आपल्याकडे तक्रार झालं. वॉर्डात हे रोज घडताना दिसतं.

शब्दांनी खरंच फरक पडतो का, असं कोणी विचारेल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यकीचे विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर यांना सिकल सेलच्या एका काल्पनिक रुग्णाची नोंद वाचायला दिली. माहिती एकच, नोंदी दोन. एक साध्या भाषेत, दुसरी संशयाचा वास असलेल्या भाषेत. संशयाची नोंद वाचणाऱ्यांचं रुग्णाबद्दलचं मत वाईट झालंच, शिवाय त्यांनी दुखण्यावरचा उपचारही कमी सुचवला. हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. सिकल सेल हा आपल्या विदर्भाचा, नंदुरबारचा आजार आहे. या आजारात वेदनेचे झटके येतात, ते बाहेरून दिसत नाहीत. ना सूज, ना जखम, नुसता माणूस तळमळतो. त्याच्या दुखण्याला पुरावा एकच, त्याचा शब्द. त्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे केसपेपरवरचं क्रियापद आधीच ठरवून टाकतं.

इथे मला आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासार्ह माणसाचं सांगणं. आता आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेलं उत्तर फार मोठ्या मनाचं आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण एकच. जन्म, शिक्षण, भाषा यांचा तिथे संबंध नाही. मग स्वतःच्या पोटातली कळ कोणी जाणली आहे? त्या बाईने. तिच्या दुखण्यापुरती ती आप्त आहे. डॉक्टरांचं असतं अनुमान, सिस्टर ऐकते ते शब्दप्रमाण. अलीकडे मिरांडा फ्रिकर या इंग्लंडच्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की बोलणाऱ्याची जात, वर्ण, वर्ग पाहून त्याच्या शब्दाचं वजन कमी करणं हा एक स्वतंत्र अन्याय आहे. माणसावरचा अन्याय, जाणणारा म्हणून असलेल्या त्याच्या हक्कावरचा अन्याय. केसपेपरवर तो दोन शब्दांत होतो.

‘रिफ्यूज्ड’चंही तसंच. ‘मेडिसिन रिफ्यूज्ड.’ का? कागद गप्प. संकष्टीचा उपवास होता, की गोळी घशाखाली उतरत नव्हती, की मागच्या गोळीने रात्रभर ओकारी आली होती? कारण लिहिलं तर डॉक्टर औषध बदलतील. नुसतं ‘रिफ्यूज्ड’ लिहिलं तर रुग्ण हट्टी ठरेल. वैद्यकाने हे स्वतःही ओळखलं आहे. पूर्वी ‘कम्प्लायन्स’ म्हणत, म्हणजे आज्ञापालन. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात ‘ॲढिअरन्स’ हा शब्द धरला, ज्यात रुग्णाची संमती गृहीत आहे. आपल्या यादीत दोन्हींचा अर्थ ‘पालन करणे’. ज्या फरकासाठी शब्द बदलला, तोच भाषांतरात गळून पडला.

तिसरा आक्षेप सिस्टरच्या स्वतःच्या जागेबद्दल. आपल्याकडची वॉर्डातली नोंद वाचा. ‘इन्फॉर्म्ड टु डॉक्टर.’ ‘सीन बाय डॉक्टर.’ ‘इंजेक्शन गिव्हन ॲज पर ऑर्डर.’ पाहिलं कोणी? डॉक्टरांनी. हुकूम कोणाचा? डॉक्टरांचा. रात्री तीन वाजता श्वास बदललाय हे कोणाच्या लक्षात आलं, इंजेक्शन कोणी दिलं, पहाटेपर्यंत शेजारी कोण उभं होतं? वाक्यात कर्ता नाही. चोवीस तास वॉर्डात असलेली व्यक्ती वाक्यातून गायब आहे. कर्मणी प्रयोगाचा एवढा सुरळीत अन्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता कोणी म्हणेल, नोंद अशीच निर्वैयक्तिक असावी लागते. तसं असतं तर ‘एसबार’ ही पद्धत निघालीच नसती. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. परिस्थिती, पूर्वपीठिका, माझं मत, माझी सूचना. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात रुजवली. तिच्यातली शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची. तिथे सिस्टरला ‘मला असं वाटतं’ आणि ‘आपण आत्ता येऊन पाहावं’ असं म्हणण्याची वाट करून दिली आहे. आपल्या याद्यांत अवयवांची शंभर नावं सापडतील. ‘मला या पेशंटची काळजी वाटते’ हे वाक्य सापडत नाही. इंग्रजी शिकवताना आपण तिला बोलायला शिकवतो की हुकूम ऐकायला?

हे मत देण्याचं काम काही आजकालचं फॅड नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८५९ च्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. त्या म्हणतात, ‘रात्र चांगली गेली का’ हा प्रश्नच निरुपयोगी, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असं विचारा. म्हणजे आधुनिक नर्सिंगच्या पायाशीच भाषेची चिकित्सा आहे. आपण पायाचा हा दगड काढून तिथे शब्दांची यादी ठेवली.

आणि एक विसंगती दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परदेशी जाणाऱ्या परिचारिका ‘ओईटी’ ही इंग्रजीची परीक्षा देतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेली, आता ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिललाही चालणारी. तिच्या तोंडी परीक्षेत रुग्णाशी संवादाचे प्रसंग असतात, आणि २०१८ पासून गुण नुसत्या भाषेला नाहीत. रुग्णाशी नातं जुळवलंत का, त्याची बाजू समजून घेतलीत का, त्याला काय कळलं आहे हे विचारलंत का, यालाही आहेत. म्हणजे आपल्याच लातूरची, सांगलीची मुलगी मँचेस्टरच्या म्हाताऱ्याची काळजी कशी विचारायची हे क्लास लावून, पैसे भरून शिकते. लातूरच्या म्हाताऱ्यासाठी तिला तीन रकाने. दोष मुलीचा नाही. कुठल्या माणसाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, हे आपण अभ्यासक्रमातून सांगत असतो.

शेवटी एका शब्दाकडे येते. ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’. यादीत एका ओळीत उरकलेला. ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या डॉक्टरांनी १९७२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात सुचवलं. डोळे उघडे, झोप-जाग चालू, पण जाणिवेची खूण नाही, अशी अवस्था. या शब्दामागे ॲरिस्टॉटलची सावली आहे. त्याने सजीवांच्या आत्म्याचे थर मानले. पोषण आणि वाढ हा वनस्पतीचा थर, संवेदना प्राण्याचा, विचार माणसाचा. तेव्हा हा शब्द लावताना आपण माणसाला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवत असतो.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर क्रूर हल्ला झाला. त्यानंतर त्या जवळपास बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. मे २०१५ मध्ये गेल्या. त्यांचं अन्न-पाणी थांबवावं अशी पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या अवस्थेच्या बहुतेक कसोट्या इथे लागू पडतात. केईएमच्या परिचारिका म्हणत होत्या, आम्ही यांना रोज भरवतो, त्यांची आवड-नावड आम्हाला कळते. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयासमोर एक प्रश्न असा होता : यांच्या वतीने बोलायचं कोणी? कायद्याचा शब्द ‘नेक्स्ट फ्रेंड’. न्यायालयाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि अरुणाताईंच्या बाबतीत ती परवानगी नाकारली. त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाटही काही अटींवर उघडली.

दयामरण योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही, आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहणार. मला दिसतं ते असं : एका बाजूला इंग्रजी-ग्रीक परंपरेचा वजनदार शब्द होता. दुसऱ्या बाजूला पिढ्या बदलत गेलेल्या सिस्टरांची रोजची ओळख होती, जिला वैद्यकीय नाव नव्हतं. वैद्यकाला तो जुना शब्द पुढे स्वतःलाच खुपू लागला. २०१० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने त्याऐवजी ‘अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस’ असं सुचवलं. म्हणजे जागी, पण प्रतिसाद न देणारी व्यक्ती. नव्या नावात ‘दिसत नाही’ एवढंच म्हटलंय, ‘नाही’ असं म्हटलेलं नाही. सिस्टरांच्या नोंदीला हवी तेवढी जागा त्या नावात उरते.

मग चांगली यादी कशी असावी? ती ‘ठणका’पासून सुरू व्हावी, ‘थ्रॉबिंग’पर्यंत जावी. ‘जीव घाबरतो’ यापुढे ‘भाषांतर करू नका, अवतरणात लिहा, साखर तपासा’ असं लिहिलेलं असावं. ‘डिनाइज’च्या ऐवजी ‘सेज’, म्हणजे ‘सांगतो’. ‘रिफ्यूज्ड’च्या पुढे ‘बिकॉज’साठी जागा. आणि शेवटच्या पानावर सिस्टरच्या तोंडची, कर्ता असलेली दहा वाक्यं : मी पाहिलं, मला वाटतं, मी सुचवते. एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असताना हे लिहायला वेळ कुठला, हा प्रश्न खरा आहे, आणि माणसं नेमल्याशिवाय तो सुटणार नाही. पण ‘डिनाइज’ लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून ‘सेज’ लिहायला जास्त लागत नाही.

सभागृहात नर्सिंग शिकवणारे कोणी असतील, आणि पुढच्या वर्षी त्यांनी अशी एक यादी आपल्या विद्यार्थिनींकडूनच करून घेतली, तर बरं होईल. शब्द त्यांच्याकडे आहेत. घरून आणलेले आहेत.